मोटारीचे बिऱ्हाड

मुंबईसारख्या शहरात घराची किंमत कशाकशाने वाढते, असे विचारले तर बहुतेकांकडून ठरावीक उत्तरे येतात. जमीन महाग, सिमेंट महाग, सळई महाग, मुद्रांक शुल्क जास्त, बिल्डरचा नफा अवाजवी. ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु या यादीत एक बाब सहसा कोणी घालीत नाही, कारण ती घराच्या आत नसते, घराच्या खाली असते. इमारत बांधावयाची तर तीत राहणाऱ्यांच्या मोटारींसाठी अमुक इतक्या जागा ठेवल्याच पाहिजेत असा नियम आहे, आणि त्या नियमाचे मोल प्रत्येक घरखरेदीदार भरीत असतो. मग त्याच्यापाशी मोटार असो की केवळ लोकलचा पास असो. गेल्या वर्षभरात आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या निमित्ताने या नियमाकडे मला जवळून पाहावे लागले. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमची इमारत बोरिवली स्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. तळमजला अधिक तीन मजले, एकूण चोवीस बिऱ्हाडे. मी वसईहून येथे राहावयास आलो तो १९८१ साली. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली उचल, पतपेढीचे कर्ज आणि सौभाग्यवतीच्या पाटल्या एवढ्या भांडवलावर दोन खोल्यांचे घर झाले. जागा पसंत करताना आम्ही तीनच गोष्टी पाहिल्या होत्या. स्थानक जवळ, चर्च जवळ, मुलांची शाळा जवळ. मोटार ठेवावयास जागा आहे काय, हे त्या वेळी ना मी विचारले, ना अन्य कोणी. चोवीस बिऱ्हाडांत मिळून एक स्कूटर होती आणि तिचा मालक ती रात्री जिन्याखाली ढकलून ठेवी. इमारतीपुढच्या मोकळ्या अंगणात एका कोपऱ्यात क्रूस आहे. मे महिन्यात तेथे संध्याकाळी रोझरी आणि लदीन होते, उकडलेले चणे वाटले जातात, आणि उरलेल्या अकरा महिन्यांत त्याच अंगणात पोरे क्रिकेट खेळतात.

आज त्या चोवीस बिऱ्हाडांत पाच मोटारी आहेत. त्यांपैकी दोन टॅक्सी म्हणून चालतात, म्हणजे त्या त्या घराची चूल त्या मोटारीवर पेटते. उरलेली एकोणीस कुटुंबे रेल्वेने, बसने, रिक्षाने आणि २०२२ पासून मेट्रोने जातात-येतात. हे प्रमाण काही जगावेगळे नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभर कुटुंबांपैकी पाचांपाशीही मोटार वा जीप आढळली नव्हती. आकडा होता ४.७ टक्के. त्यानंतर मोटारी पुष्कळ वाढल्या हे खरे, तथापि ज्यांच्यापाशी मोटार नाही त्यांचीच संख्या आजही मोठी आहे.

इमारत जुनी झाली, तुळयांतील लोखंड गंजले, पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बालद्या मांडाव्या लागू लागल्या. पुनर्विकासावाचून गत्यंतर नाही याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. एका रविवारी सकाळच्या मिस्सानंतर अंगणात खुर्च्या मांडून बिल्डरच्या वास्तुविशारदाने आम्हांस आराखडा समजावून सांगितला. नवी इमारत अठरा मजल्यांची. चोवीस घरे आमची, सेहेचाळीस विक्रीची, एकंदर सत्तर. आणि जागा नव्वद मोटारींची. त्यासाठी खालचे चार मजले पोडियमचे. माणसे राहावयास लागणार ती पाचव्या मजल्यापासून.

आमच्या तळमजल्यावर एक मावशी राहतात. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त परिचारिका. रोज सकाळी पावणेसातला काठी टेकीत त्या मिस्साला जातात. आराखडा पाहून त्यांनी वास्तुविशारदाला विचारले, “म्हणजे बाबा, माझ्या पायाखाली चार मजले गाड्या?”

“हो मावशी. पण तुम्हांला लिफ्ट आहे ना.”

“आणि ती बंद पडली की?”

“जनरेटर आहे.”

“त्या जनरेटरचे पैसे कोण भरणार?”

तो हसला, आम्हीही हसलो. परंतु हसू ओसरल्यावर लक्षात आले की सबंध सभेत कामाचा असा प्रश्न मावशींनीच विचारला होता. आजवर महिन्याला जो मेंटेनन्स आम्ही देतो, तो नव्या इमारतीत चौपटीच्या वर जाईल असा अंदाज आमच्या सेक्रेटरींनी काढला. त्यात मोटारी वरखाली करणारे यांत्रिक सांगाडे आले, पोडियममधील दिवे आले, दूषित हवा बाहेर फेकणारे पंखे आले, आगीच्या बंदोबस्ताचे नळ आले, आणि चार मजल्यांचा पहाराही आला. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईला नवे घर फुकट मिळेल, पण त्यात राहणे तिला परवडेल काय, हा प्रश्न त्या क्षणापासून आमच्या सभांतून हटलेला नाही.

मग मी विचारले की सत्तर घरांना नव्वद मोटारी हा हिशेब आला कोठून? वास्तुविशारद सौजन्यशील होता. त्याने मला बाजूला बसवून सारे समजावून सांगितले. मुंबई महापालिकेच्या विकास नियंत्रण नियमावलीत एक तक्ता आहे. १९९१ च्या नियमावलीत तो होता, आणि २०१८ पासून लागू झालेल्या, विकास आराखडा २०३४ च्या नियमावलीतही आहे. त्यात मुख्य हिशेब घराच्या चटईक्षेत्रावर बसतो. सर्वांत लहान घरे असतील तर चारांमागे एक मोटार, त्याहून मोठी असतील तर दोहोंमागे एक, पुढे घरटी एक, आणि सर्वांत मोठ्या घरांना घरटी दोन. शिवाय पाहुण्यांच्या मोटारी वेगळ्या. आमच्या नव्वद जागांपैकी साधारण दोन तृतीयांश या तक्त्यातून आल्या होत्या. उरलेल्या, विक्रीच्या घरांना गिऱ्हाईक चटकन मिळावे म्हणून बिल्डरने स्वतःहून धरल्या होत्या. इमारत स्थानकापासून दहा मिनिटांवर आहे की दोन तासांवर, हे आमच्या आराखड्यात तरी कोठे मोजलेले दिसले नाही.

येथे थोडा हिशेब करणे अगत्याचे आहे. मोटार उभी राहण्यापुरती जागा फार नसते. परंतु तिला आत यावे लागते, वळावे लागते, उतारावरून चढावे लागते. हे सारे धरून आपल्याकडील नगररचनाकार एका मोटारीला उघड्यावर २३ चौरस मीटर, इमारतीखाली २८ चौरस मीटर आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरतात. आता २०१५ साली सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना पाहा. तीत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरले होते. म्हणजे नवरा, बायको, दोन मुले आणि म्हातारी आई यांना सरकारने जेवढी जागा पुरेशी मानली, जवळपास तेवढीच जागा इमारतीत एका मोटारीला लागते. फरक इतकाच, की कुटुंबाला ते घर मिळेलच अशी हमी कोणत्याही नियमात नाही. मोटारीच्या जागेची हमी मात्र आहे.

यावर कोणी म्हणेल, की पार्किंगचे मजले चटईक्षेत्र निर्देशांकात, म्हणजे एफएसआयमध्ये धरले जात नाहीत. तेव्हा त्यांनी घरांची जागा कोठे खाल्ली? कागदावर हे म्हणणे बरोबर आहे. पण चार मजल्यांचे काँक्रीट, लोखंड, मजुरी आणि बांधकामाचे जादा महिने हे कागदावर होत नाहीत. तो खर्च कोणी तरी सोसतो, आणि तो सोसणारा शेवटी घर घेणारा असतो. शिवाय भूखंड लहान असला आणि उंचीवर मर्यादा असली, तर जेथे घरे होऊ शकली असती तेथे मोटारीच येतात.

हा खर्च कोणाच्या पदरी पडतो, याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. आमच्याच मजल्यावरील एका कुटुंबातील मुलगा. त्याचा बाप्तिस्मा येथला, त्याचे पहिले कम्युनियन येथले. युवकांच्या गायनवृंदात तो गिटार वाजवीत असे. बी.कॉम. होऊन चर्चगेटला एका कचेरीत लागला. मुलगी मिळाली तीही याच धर्मग्रामातली. अंधेरीला रुग्णालयात परिचारिका आहे. दोघेही लोकलने जाणारे. लग्नानंतर आईवडिलांजवळच राहावे म्हणून त्याने स्थानकाच्या आसपास तयार होत असलेल्या इमारतींत लहानातले लहान घर पाहिले. घराची किंमत वेगळी आणि पार्किंगचे काही लाख वेगळे. आणि पार्किंग न घेण्याची सोय नाही.

तो मला सांगत होता, “अंकल, मी त्यांना म्हटलं, माझ्याकडे सायकलसुद्धा नाही. तर ते म्हणाले, सर, पार्किंगशिवाय फ्लॅट देता येत नाही. उद्या विकताना तुम्हांलाच फायदा होईल.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी म्हटलं, मला विकायचं नाही, मला राहायचंय.”

बँकेने मंजूर केलेले कर्ज आणि त्या घराची किंमत यांत जे अंतर राहिले, ते जवळजवळ त्या पार्किंगच्या किमतीएवढेच होते. आज तो बोईसरला राहतो. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या, ही त्याच्या दृष्टीने ईश्वरकृपाच; पण त्यांची संख्या मोजकी. पहाटे अंधारात घर सोडणे आणि रात्री नऊला परतणे असा त्याचा दिनक्रम आहे. वडील गेल्या वर्षी निवर्तले. आई येथे एकटी. औषधाची बाटली आणून द्यावयाची तर शेजारी आणतात, कारण मुलगा सत्तरेक किलोमीटर दूर आहे. एका मोटारीच्या जागेने हे सारे घडविले असे मी म्हणणार नाही. मुंबईतील घरांच्या दुर्भिक्षाला कारणे अनेक आहेत. परंतु त्याच्या बाबतीत तराजूचे पारडे ज्या शेवटच्या वजनाने खाली गेले, ते वजन हेच होते.

आता हा नियम आला कोठून, ते थोडक्यात पाहू. तो मूळचा अमेरिकेचा. ओहायो राज्यातील कोलंबस या शहराने १९२३ साली बहुमजली निवासी इमारतींना मोटारींच्या जागा सक्तीच्या केल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी घरोघर आल्या आणि ही सक्ती गावोगावी पसरली. रस्त्यावर मोटारींची गर्दी होऊ नये, ज्याने इमारत बांधली त्यानेच तिची व्यवस्था लावावी, हा त्यामागील विचार वरवर पाहता रास्तच वाटतो. परंतु परिणाम काय झाला? कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराने १९६१ साली प्रत्येक नव्या सदनिकेमागे एक मोटारीची जागा सक्तीची केली. तीन वर्षांनी, १९६४ साली, या नियमाच्या आधीच्या व नंतरच्या इमारतींचा अभ्यास झाला. दर घरामागे बांधकामाचा खर्च १८ टक्क्यांनी वाढला होता आणि एका एकरात होणाऱ्या घरांची संख्या ३० टक्क्यांनी घटली होती. म्हणजे एकाच नियमाने घरे महागही झाली आणि कमीही झाली.

या विषयाचा ध्यास घेतलेले एक प्राध्यापक लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. त्यांचे नाव डोनाल्ड शूप. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. फुकट पार्किंगची जबर किंमत हा विषय घेऊन त्यांनी २००५ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचे सांगणे मुळात सोपे होते. पार्किंग कधीच फुकट नसते. मोटारवाला देत नाही तेव्हा ते पैसे घरभाड्यातून, दुकानातील मालाच्या किमतीतून, उपाहारगृहाच्या बिलातून अन्य लोक देत असतात. आणि त्या अन्य लोकांत मोटार न परवडणारे गरीब असतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे रुपयाआण्यांत, नव्हे डॉलरांत, मांडले गेले. अमेरिकेच्या शहरी भागात भाड्याच्या घराबरोबर येणारी गॅरेजची जागा कुटुंबाला वर्षाकाठी सुमारे १,७०० डॉलरना, म्हणजे भाड्याच्या सुमारे १७ टक्क्यांना पडते. आणि ज्यांच्यापाशी मोटारच नाही अशी सात लाखांहून अधिक भाडेकरू कुटुंबे हा भुर्दंड भरीत होती.

ज्या देशाने ही सक्ती जगाला शिकविली, तोच देश आता ती मागे घेऊ लागला आहे. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराने २०१७ साली ती संपूर्ण शहरात रद्द केली, मिनियापोलिसने २०२१ साली. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या सप्टेंबरात राज्यभरासाठी कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२३ पासून अमलात आला. रेल्वे स्थानक किंवा वारंवार बस मिळण्याचे ठिकाण यांसारख्या मोठ्या वाहतूक केंद्रापासून अर्ध्या मैलाच्या, म्हणजे सुमारे ८०० मीटरच्या आत इमारत असेल, तर काही अपवाद वगळता स्थानिक संस्थेने बांधणाऱ्यावर पार्किंगची सक्ती करू नये, असा त्याचा आशय आहे. या कायद्याने पार्किंग बांधण्यास मनाई केलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. ज्याला हवे त्याने बांधावे आणि त्याचे मोल द्यावे. ज्याला नको त्याच्या माथी ते मारू नये. आमच्या इमारतीपासून बोरिवली स्थानक याच अंतरात येते.

बफेलोत सक्ती उठल्यावर रस्तोरस्ती गोंधळ माजेल अशी भीती होती. पहिल्या दोनेक वर्षांतील मोठ्या इमारतींचा हिशेब घेतला तेव्हा त्यांतील ४७ टक्के इमारतींनी पूर्वीच्या नियमापेक्षा कमी जागा ठेवल्याचे दिसले. उरलेल्यांनी पूर्वीइतक्या किंवा अधिक जागा स्वखुशीने ठेवल्या. गरज असेल तेथे पार्किंग झाले, नसेल तेथे पैसा आणि जमीन वाचली.

आमच्या सभेत मी हे सांगितले तेव्हा आक्षेपांची सरबत्ती झाली, आणि ती व्हावयासही हवी होती. पहिला आक्षेप टॅक्सी चालविणाऱ्या आमच्या शेजाऱ्याने घेतला. “तुम्ही रेल्वेवाले. माझी गाडी रस्त्यावर उभी राहिली तर उचलून नेतील. माझ्या पोटाचं काय?” त्याचे म्हणणे खरे आहे. अपंग व्यक्ती, डायलिसिसला जाणारा रुग्ण, वाहनावर पोट असलेला माणूस यांना जागा हवीच. सक्ती उठविणे म्हणजे या लोकांची जागा काढून घेणे नव्हे. किंबहुना, सरसकट साऱ्यांना देण्याचे सोडले तरच ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना स्वस्तात देता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. इमारतीत जागा नसेल तर मोटारी रस्त्यावर येतील. त्या आजही रस्त्यावर आहेत. पोडियममध्ये जागा रिकामी असताना रस्त्यावर आहेत, कारण रस्त्यावर फुकट आहे. याचे उत्तर जपानने १९६२ सालीच दिले. तेथे मोटार नोंदवावयाची तर ती ठेवण्यास रस्त्याबाहेर जागा असल्याचा पोलिसांचा दाखला आणावा लागतो, आणि ती जागा राहत्या ठिकाणापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. म्हणजे जबाबदारी घर घेणाऱ्यावर नाही, मोटार घेणाऱ्यावर आहे. महाराष्ट्रातही २०२५ साली परिवहन मंत्र्यांनी पार्किंगच्या जागेच्या दाखल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होऊ नये अशी कल्पना जाहीरपणे मांडली. ती अमलात आणणे सोपे नाही. पण बोजा कोणाच्या खांद्यावर असावा हे तीत नेमके सांगितले आहे. आणि असा दाखला आणावयाचा ठरल्यास इमारतींवरील सक्तीचे प्रयोजन तितके उरणार नाही.

तिसरा आक्षेप आमच्या सेक्रेटरींचा. वाचलेले पैसे बिल्डरच्या खिशात जातील, घर काही स्वस्त होणार नाही. या आक्षेपात बरेच तथ्य आहे. स्थानकाजवळच्या घराची किंमत खर्चावर थोडीच ठरते. गिऱ्हाईक काय देऊ शकते त्यावर ठरते. केवळ एक नियम उठवून उद्या किमती उतरतील अशी आशा मी बाळगीत नाही. तथापि दोन गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे, ज्या लहान भूखंडांवर उतार आणि पोडियम बसत नाही म्हणून पुनर्विकासच अडून राहतो, तेथे इमारती उभ्या राहू शकतील. आणि घरे वाढली तर कालांतराने भावावर त्याचा परिणाम होईल. दुसरे म्हणजे, घर आणि पार्किंग यांची किंमत वेगवेगळी केली आणि पार्किंग घेणे ऐच्छिक ठेवले, तर बोईसरला गेलेल्या त्या मुलासारख्यांना निदान नाही म्हणण्याचा अधिकार राहील.

पार्किंगच्या विक्रीचा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. दहिसरमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याप्रमाणे इमारतीच्या खांबांमधील मोकळी जागा, जिला आपण स्टिल्ट म्हणतो, ती गॅरेज नव्हे. ती सर्वांच्या सामाईक मालकीची आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. निर्णय सभासदांच्या हिताचा होता. परंतु जी जागा सर्वांची, तिचा खर्चही सर्वांचा. ती वेगळी विकता आली नाही तर तिची किंमत घराच्या दरात मिसळते. म्हणून जागा कोणाची हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ती मुळात एवढी बांधावी काय हाही.

आपल्या देशात हा विचार अगदीच नवा आहे असेही नाही. केंद्र सरकारने २०१७ साली वाहतूक केंद्रांभोवतीच्या विकासाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या परिसरात घरे दाट असावीत, त्यांत सर्व उत्पन्नगटांना स्थान असावे, रस्ते चालणाऱ्यांसाठी असावेत आणि पार्किंग कमी व महाग असावे, अशी त्याची दिशा आहे. धोरण दिल्लीत लिहिले जाते, तक्ता महापालिकेत असतो, आणि सही आमच्यासारख्या सोसायट्या करतात. या तिहींची गाठ कोठे पडत नाही.

आपण ख्रिस्ती कुटुंबे या प्रश्नाकडे कसे पाहतो, हेही मला सांगावेसे वाटते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात शहरांविषयी जे चिंतन आहे, त्यात घरांची टंचाई आणि वाहतूक हे दोन विषय लागोपाठ येतात. मोटारी वाढल्या की रस्ते आणि वाहनतळ वाढवावे लागतात व शहराचे रूप बिघडते, याची त्यांनी नोंद घेतली आहे आणि सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम मागितला आहे. ते वाचताना मला आमच्या अंगणातील क्रूस आठवला. नव्या आराखड्यात त्या कोपऱ्यातून पोडियमचा उतार चढतो. क्रूस हलवून फाटकाशी मांडू, असे बिल्डरचे म्हणणे आहे, आणि ते वाईट हेतूने नाही. पण फाटकाशी चोवीस कुटुंबे गुडघे टेकू शकणार नाहीत. तेथून मोटारी जाणार.

पुढील महिन्यात सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा आहे. नियमात बसेल एवढेच आपण मागू शकतो, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून काही जणांनी मिळून चार सूचना लिहून काढल्या आहेत. तक्त्यात जितक्या जागा सक्तीच्या आहेत त्याहून एकही अधिक बांधू नये, म्हणजे पोडियमचा निदान एक मजला कमी होईल आणि उतार आखूड होऊन अंगणाचा कोपरा वाचेल. विक्रीच्या घरांना पार्किंग घेण्याची अट नसावी. यांत्रिक पार्किंगचा देखभाल खर्च मोटार ठेवणाऱ्यांकडूनच घ्यावा. मावशींच्या बिलात तो येऊ नये. टॅक्सीवर पोट असलेल्या दोघांना मात्र जागा अग्रक्रमाने आणि कमी दरात द्यावी. याखेरीज आसपासच्या सोसायट्यांनी मिळून महापालिकेला एक निवेदन द्यावे, की रेल्वे व मेट्रो स्थानकांच्या परिसरात ही सक्ती उठवावी, असाही विचार आहे. बिल्डरने दुसऱ्या सूचनेला नकार कळविला आहे; पहिलीवर तो विचार करतो आहे. सभासदांत एकमत नाही. काहींना वाटते, जागा मिळते आहे तर घेऊन ठेवावी. आज मोटार नसली तरी नातवाला असेल. मतदान कसे होईल हे आज सांगता येत नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ इमारती साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या आहेत, आणि त्या स्थानकांच्या आसपास आहेत, कारण आपल्या वडीलधाऱ्यांनी रेल्वे पाहूनच घरे घेतली. त्यांतील अनेकांवर आज ना उद्या पुनर्विकासाची पाळी येणार आहे. आराखडा समोर येईल तेव्हा आपले घर किती चौरस फुटांचे, एवढेच पाहून सही करू नका. मोटारींच्या जागा किती आहेत, त्यांतल्या किती नियमाने आल्या आणि किती हौसेने, त्यांचा मासिक खर्च कोणाकडून घेतला जाणार, आणि त्या नसत्या तर आणखी किती कुटुंबे येथे राहू शकली असती, हे चार प्रश्न अवश्य विचारा. उत्तरे लेखी मागा. सभेला सोसायटीतील तरुण जोडप्यांनाही बोलावा; भाडेकरू असली तरी बोलावा, कारण पुढची तीस वर्षे त्या इमारतीच्या जवळ किंवा तिच्यापासून दूर त्यांनाच काढावयाची आहेत.